संगणक शंका-समाधान : पासवर्ड बरोबर, तरीही प्रवेश नाही

प्रश्न : आमच्या घरी लग्नपत्रिका आणि बिलबुके यांचे अक्षरजुळणीचे काम चालते. जुने मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपी प्रोफेशनल असलेल्या डेस्कटॉपवर आहे आणि ते प्रिंटर पोर्टला लावलेल्या डोंगलशिवाय उघडत नाही, त्यामुळे तो संगणक बदलता येत नाही. दुसरा संगणक विंडोज ७ चा लॅपटॉप आहे. डेस्कटॉपवरील 'पत्रिका' हे फोल्डर लॅपटॉपवरून उघडताना नाव आणि पासवर्ड विचारला जातो. दोन्ही अचूक टाकले, तरी नाव किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश येतो. याच डेस्कटॉपवरून लॅपटॉपचे फोल्डर मात्र विनातक्रार उघडते. पूर्वी आमच्याकडे एक्सपीचाच लॅपटॉप होता, तेव्हाही अडचण नव्हती. सिंपल फाइल शेअरिंग (नेटवर्कवरून येणाऱ्या सर्वांना एकाच पाहुण्या खात्याने आत घेणारी सोय) बंद केले आहे, डेस्कटॉपवर वेगळे खाते पासवर्डसह तयार केले आहे, फायरवॉल बंद करून पाहिली, केबलही बदलली. दुरुस्तीवाल्याने दोन्ही संगणक फॉरमॅट करण्यास सुचवले आहे. कधी कधी एखाद्या दिवशी आपोआप चालतेही. डेस्कटॉप तसा जुना असल्याने सकाळी सुरू केला की तारीख २००२ सालची दाखवतो, पण त्याची आम्हाला सवय झाली आहे.
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण शेवटी आणि जाता जाता लिहिले आहे. फॉरमॅट करू नका. डेस्कटॉपची तारीख, महिना, वर्ष आणि वेळ आजची करा, लॅपटॉप एकदा बंद करून पुन्हा सुरू करा आणि मग फोल्डर उघडून पाहा. माझ्या मते ते उघडेल. ज्या दिवशी 'आपोआप' चालले, त्या दिवशी घरातल्या कुणीतरी पत्रिकेवर किंवा बिलावर तारीख नीट यावी म्हणून घड्याळ दुरुस्त केले होते का, किंवा आदल्या रात्री भिंतीवरचे बटण बंद करायचे राहून गेले होते का, हेही घरात विचारून पाहा.

तारखेचा आणि पासवर्डचा संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. नेटवर्कवरून प्रवेश मागताना पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून पाठवला जात नाही. ज्याच्याकडे फोल्डर आहे तो संगणक आधी एक यादृच्छिक संख्या पाठवतो. प्रवेश मागणारा संगणक त्या संख्येवर पासवर्डच्या साहाय्याने गणित करून उत्तर परत पाठवतो आणि समोरचा संगणक तेच गणित स्वतः करून दोन्ही उत्तरे पडताळतो. एनटीएलएम नावाच्या या पद्धतीची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा या गणितात उत्तर पाठवणाऱ्याच्या घड्याळातील वेळही गुंफली गेली, जेणेकरून कुणी जुने उत्तर टिपून ठेवून नंतर वापरू नये. विंडोज ७ मुळातच फक्त ही दुसरी आवृत्ती वापरून प्रवेश मागते. आपला एक्सपी डेस्कटॉप ते उत्तर तपासतो, त्यावर आजची तारीख पाहतो, स्वतःच्या घड्याळात २००२ पाहतो, आणि फरक ३६ तासांहून अधिक असल्यामुळे उत्तर नाकारतो. हे नाकारणे पडद्यावर बहुधा 'पासवर्ड चुकीचा' याच शब्दांत येते आणि माणूस पासवर्डच्या मागे लागतो.

आपण दिलेले इतर दोन तपशीलही याच्याशी जुळतात. एक्सपी स्वतः प्रवेश मागते तेव्हा, सेटिंग बदललेले नसल्यास, जुन्या पद्धतीने मागते आणि त्या पद्धतीत वेळ नसतेच. म्हणून डेस्कटॉपवरून लॅपटॉप उघडतो, आणि म्हणूनच पूर्वीचा एक्सपी लॅपटॉप याच चुकीच्या तारखेच्या डेस्कटॉपशी बिनतक्रार बोलत होता. केबल किंवा फायरवॉल दोषी असती, तर नाव-पासवर्ड विचारणारी चौकटच आली नसती. चौकट आली याचा अर्थ दोन्ही संगणक एकमेकांपर्यंत पोहोचले आहेत आणि अडचण ओळख पटण्यात आहे. फायरवॉल कृपया पुन्हा चालू करा.

तारीख रोज का जाते, तेही सांगतो. संगणक बंद असला तरी भिंतीवरचे बटण चालू असेल, तर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालते. रात्री मुख्य बटण बंद केले किंवा वीज गेली की घड्याळाची सारी भिस्त मदरबोर्डवरील नाण्यासारख्या गोल सेलवर असते. तो बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो : ३ व्होल्टचा, २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा, घड्याळाच्या दुकानात सहज मिळणारा. वायर पूर्ण काढून, बाजूचे झाकण उघडून, सेलच्या कडेची छोटी पट्टी नखाने मागे दाबली की तो वर उचलला जातो. नवा बसवताना अधिक चिन्ह वर ठेवावे. त्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन तारीख-वेळ भरावी आणि हार्ड डिस्क तेथे दिसते आहे ना, याची खात्री करून बाहेर पडावे. इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळेल, या भरवशावर राहू नये. एक्सपी घरगुती संगणकावर आठवड्यातून एकदाच तसा प्रयत्न करते, आणि तारखेत वर्षांचे अंतर असेल तर जुळवून घेण्यास नकार देते. शिवाय एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली असल्याने तो डेस्कटॉप इंटरनेटपासून दूर ठेवलेलाच बरा.

अशा वेळी लॅपटॉपच्या सुरक्षा धोरणात बदल करून त्याला जुन्या पद्धतीने प्रवेश मागायला लावण्याचा सल्ला अनेक जण देतात. त्याने काम होते, हे खरे आहे. पण एका सेलसाठी लॅपटॉपची ओळख पटवण्याची पद्धत कायमची कमकुवत करणे मला मान्य नाही. शिवाय तारीख चुकीची राहिली तर फायलींवरही २००२ सालच उमटत राहील, आणि कोणती पत्रिका नवी व कोणती जुनी हे ओळखणे आपल्या व्यवसायात अवघड होईल.

तारीख दुरुस्त करूनही प्रवेश मिळाला नाही, तर एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरगुती वर्कग्रुपमध्ये, म्हणजे मध्यवर्ती संगणकाविना थेट जोडलेल्या संगणकांच्या गटात, प्रत्येक संगणकाची खात्यांची वही स्वतंत्र असते. लॅपटॉपवर आपले नाव काय आहे, याच्याशी डेस्कटॉपला काही देणेघेणे नसते. नाव आणि पासवर्ड डेस्कटॉपच्या वहीत जसा आहे तसाच हवा. येथे एक्सपीची एक जुनी खोड आड येते. कंट्रोल पॅनेलमधून खात्याचे नाव बदलले, तर फक्त पडद्यावर दिसणारे नाव बदलते. प्रवेशाचे मूळ नाव दुकानदाराने पहिल्या दिवशी ठेवले असेल तेच राहते. स्वागताच्या पडद्यावर 'आई' दिसत असेल आणि वहीत मात्र 'ओनर' असेल, तर 'आई' या नावाने नेटवर्कवरून कधीच प्रवेश मिळणार नाही. माय कंप्युटरवर उजवी कळ दाबून मॅनेज निवडावे आणि लोकल यूझर्स अँड ग्रुप्समधील यूझर्स उघडावे. तेथे मूळ नाव आणि पूर्ण नाव शेजारशेजारच्या रकान्यांत दिसतात.

त्याच खिडकीतून आपण नवे खाते केले असेल, तर त्याच्या गुणधर्मांत दोन खुणा तपासाव्यात. पहिल्या प्रवेशाच्या वेळी पासवर्ड बदलण्याची सक्ती करणारी खूण काढलेली हवी आणि पासवर्डची मुदत कधीच संपू नये ही खूण केलेली हवी. ही दुसरी खूण राहिली, तर ४२ दिवसांनी पासवर्डची मुदत संपते. दीड महिना सुरळीत चाललेले नेटवर्क एका सकाळी अचानक बंद पडल्याची पत्रे मला नेहमी येतात, त्यांतील बऱ्याच जणांचे कारण हेच निघते. खात्याला पासवर्डच नसेल, तर एक्सपी त्या खात्याला नेटवर्कवरून आत घेत नाही. संगणकासमोर बसून मात्र ते खाते उघडते, म्हणून संशय येत नाही. शेवटी, लॅपटॉपने पूर्वी चुकीचा पासवर्ड जतन करून ठेवला असेल तर तो न विचारता तोच पाठवत राहतो. कंट्रोल पॅनेलमधील क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये डेस्कटॉपच्या नावाची नोंद असल्यास ती पुसून टाकावी.

फोल्डर उघडले पण फाइल जतन होत नाही, असे झाले तर तो लॉगऑनचा (ओळख पटवून आत जाण्याचा) दोष नाही. एक्सपी नव्या शेअरला सर्वांसाठी केवळ वाचण्याची परवानगी देते. ती फोल्डरच्या शेअरिंग पानावर वाढवून द्यावी लागते.

प्रश्न : माझ्या विंडोज एक्सपी होम संगणकाला दुसऱ्या संगणकावरून जोडताना येणाऱ्या चौकटीत 'गेस्ट' (पाहुणा) हे नाव आधीच भरलेले असते, करड्या अक्षरांत, आणि ते बदलताच येत नाही. कोणताही पासवर्ड चालत नाही.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : येथे पासवर्ड शोधण्यात वेळ घालवू नका, कारण चालेल असा पासवर्डच नाही. होम आवृत्ती नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो घरमालक का असेना, गेस्ट म्हणूनच आत घेते आणि सिंपल फाइल शेअरिंग बंद करण्याची सोय तिच्यात नाही. गेस्ट खाते निष्क्रिय असले की आपण वर्णन केलेली चौकट येते. एक्सपीवरच कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करण्याची काळी खिडकी) उघडून 'नेट', 'यूझर', 'गेस्ट' हे तीन शब्द जागा सोडून इंग्रजीत लिहावेत, पुन्हा जागा सोडून पुढे झुकलेली तिरकी रेघ, तिला जोडून 'ॲक्टिव्ह', मग दोन टिंबांचे कोलन आणि 'यस' लिहून एंटर दाबावे. कंट्रोल पॅनेलमध्ये गेस्ट 'बंद' दिसले तरी गोंधळू नये. तेथील बटण संगणकासमोर बसून गेस्ट म्हणून काम करता येईल की नाही, एवढेच ठरवते.

यानंतर घरच्या नेटवर्कवर असलेला कुणीही शेअर केलेले फोल्डर उघडू शकेल. आपल्या वायफायचा पासवर्ड शेजाऱ्यांकडे असेल तर त्यांनाही. म्हणून एकच फोल्डर शेअर करावे, आणि त्यात बँकेची किंवा ओळखपत्रांची कागदपत्रे ठेवू नयेत.

प्रश्न : विंडोज ७ च्या जागी विंडोज १० घातल्यापासून जुना एक्सपी संगणक जोडला जात नाही, पासवर्डही विचारत नाही. एका परिचिताने काहीतरी चालू करून दिले, काही आठवडे चालले, पुन्हा बंद पडले.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : पासवर्ड विचारलाच जात नसेल, तर अडचण लॉगऑनच्या आधीची आहे. फायली देण्याघेण्यासाठी एक्सपीला एसएमबी पद्धतीची केवळ पहिली आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय विषाणूने याच आवृत्तीतील त्रुटीचा आधार घेतला होता. त्याच वर्षी आलेल्या १७०९ क्रमांकाच्या आवृत्तीपासून विंडोज १० नव्याने घालताना ती पूर्ण स्वरूपात सोबत येत नाही, काही प्रकारांत तर मुळीच येत नाही. आपल्या परिचिताने विंडोज फीचर्समधून ती चालू केली असावी. मात्र तेथे आपोआप काढून टाकण्याची खूणही राहिली असेल आणि संगणक चालू असलेल्या १५ दिवसांत तिचा वापर झाला नाही, तर विंडोज ती काढून टाकू शकते. सुटीत एक्सपी बंद राहिला असेल तर हेच घडले असावे.

ती पुन्हा चालू करायचीच असेल तर तिच्याखालील तीन खुणांपैकी केवळ 'क्लायंट'ची (फायली मागणाऱ्या भागाची) करावी, 'सर्व्हर'ची (फायली देणाऱ्या भागाची) आणि आपोआप काढून टाकण्याची करू नये, आणि एक्सपीला इंटरनेट मिळू देऊ नये. पण एक्सपीवर केवळ जुने फोटो आणि कागदपत्रे असतील, तर माझा आग्रह वेगळा आहे. ती एकदाच बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या, दुसऱ्या संगणकावर ती उघडतात याची खात्री करा, आणि ही जोडणी पुन्हा करू नका.