साहेब खोटी बिलं लावायला सांगतात. ख्रिस्ती माणसाने व्यवहारात थोडं खोटं चालवून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीतल्या नोकरीत साहेब तुमच्या सहीने न केलेल्या प्रवासाची बिलं लावायला सांगतात, नाही म्हटलं तर नोकरी जाईल, आणि घरचे म्हणतात, "राहाब पण खोटं बोललीच होती की." शिवाय चर्चच्या पाळकसाहेबांना विचारावं का, हेही विचारलंय. बायबलमधल्या राहाबचं नाव वाचलं म्हणून लिहायला बसले. हेच नाव माझ्या सख्ख्या भावाने माझ्या तोंडावर फेकलं होतं.

वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. घोरपडीत त्यांचा फ्लॅट. आई आधीच गेली होती, वडील मृत्युपत्र न करता गेले. आपल्या ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो, त्यात मुलगा-मुलगी सारखे. म्हणजे दादाला माझ्या सहीशिवाय फ्लॅट विकता येत नव्हता. ही गोष्ट त्याला शेवटपर्यंत खुपली.

गिऱ्हाईक आलं ७२ लाखांचं. कागदावर ५०, म्हणजे रेडीरेकनरच्या, सरकारने ठरवलेल्या दराच्या, जरा वर, आणि २२ रोख. पुण्यात जुना फ्लॅट विकलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको. एजंटने तर टोकनच्या दिवशीच "व्हाइट किती, कॅश किती" असं भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं. मी म्हटलं, पूर्ण रक्कम खरेदीखतात लिहा, नाहीतर मी सही करणार नाही. दादा हसला. त्याला वाटलं, घरी गेल्यावर मी ऐकेन.

घरी गेल्यावर पवित्र शास्त्र निघालं. आमच्या घरात भांडणही वचनं काढूनच होतं. दादा म्हणाला, राहाबने इस्राएलच्या हेरांना लपवलं आणि राजाच्या माणसांना खोटं सांगितलं, तरी देवाने तिला वाचवलं. मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या, सुइणी शिफ्रा आणि पुवा तिथल्या राजाला, फारोला, खोटं बोलल्या, देवाने त्यांचं भलं केलं. मग आपण सरकारला थोडं कमी सांगितलं तर काय बिघडलं?

माझं उत्तर तेव्हाही हेच होतं. सुइणींनी फारोच्या हुकमाविरुद्ध दुसऱ्यांची लेकरं वाचवली, आपला जीव धोक्यात घालून. राहाबने बदल्यात काय मागितलं? यहोशवाचा दुसरा अध्याय वाचा. आईबाप आणि भावंडांचे जीव. तिच्या नावावर २२ लाख रोख घेणारा माणूस शास्त्र वाचत नाही, शास्त्राचा वापर करतो. ज्या खोट्याने दुसऱ्याचा जीव वाचतो आणि ज्या खोट्याने आपला खिसा भरतो, ती दोन खोटी एका पानावर मांडायचीच नाहीत. ऑगस्टीनसारखा जुना ख्रिस्ती धर्मपंडित तर म्हणे की जीव वाचवायलाही खोटं बोलू नये. मी तितकी कडक नाही. पण दादाचा प्रश्न तिथवर पोचलेलाच नव्हता.

आणि जमीन विकून रक्कम लपवल्याची गोष्ट हवी असेल तर ती नव्या करारात आहेच. प्रेषितांची कृत्ये, पाचवा अध्याय, हनन्या आणि सप्पीरा. या नवराबायकोने जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि सगळे आणून दिले असं भासवलं. प्रेषित पेत्र हनन्याला पैसे ठेवून घेतले म्हणून बोलत नाही. विकण्याआधी जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझेच होते, असंच म्हणतो. दोष आकडा खोटा सांगण्यात होता. मी हे वाचून दाखवलं तेव्हा वहिनी उठून आत गेली.

बरं, दादाचा फायदा तरी काय होता? तो उंड्रीला मोठं घर घेत होता. सीएने समोर बसून सांगितलं की विक्रीचा नफा दुसऱ्या घरात घातला तर त्यावरचा बराचसा कर तसाही वाचतो. रोकड ही गरज घेणाऱ्याची होती. त्याला हिशेबात नसलेले पैसे खपवायचे होते, आणि त्या २२ लाखांवरचं ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे दीड लाखाच्या वर, वाचवायचं होतं. धोका मात्र आमचा. २०१५ पासून मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर ती रोख घेणाऱ्याला, म्हणजे विकणाऱ्याला, तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय ती रोकड दादा उंड्रीला कोणाला देणार होता? तिथेही काळे घेणारा बिल्डर शोधावा लागला असता. दादा म्हणाला, "माझ्या रोख हिश्श्याचा दशांश मी चर्चच्या मंडळीला देईन." हे ऐकून मला त्या सबंध प्रकरणात सगळ्यात जास्त राग आला.

पाळकसाहेबांकडेही गेलो. ते म्हणाले, घर तुटू देऊ नका, समजुतीने घ्या. माणूस भला, पण सही माझी होती. तुम्ही पाळकांना जरूर विचारा, त्यांच्याकडून प्रार्थना करून घ्या, पण निर्णय त्यांच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, आणि लगेच तिथल्या धर्मगुरूंशी आणि सिस्टर जेराल्डाइन या जोगिणीशी त्यांचा पत्रांतून वाद सुरू झाला. इथल्या पुरोहितांचं जोखड टाकून आलेली बाई दुसरं जोखड मानेवर घ्यायला तयार नव्हती. त्याच बाईंनी पुढे विधवा आणि निराधार बायकांसाठी पुण्यात शारदा सदन चालवलं आणि केडगावला मुक्ती सदन उभं केलं.

दादाचा एकच मुद्दा खरा होता. "तुझ्या प्रामाणिकपणाची किंमत मी का भरू?" ते गिऱ्हाईक गेलं. पुढे फ्लॅट ६५ लाखांना गेला, सगळे चेकने. त्याच्या वाट्याचे साडेतीन लाख कमी झाले. मी ते माझ्या हिश्श्यातून त्याला दिले. त्याने घेतले. तरी आजही नाताळच्या जेवणाला "हिच्यामुळे आमचं नुकसान झालं" हे वाक्य येतंच. दादा, तू ही साइट वाचतोस, म्हणून इथे लिहिते: नुकसान झालं ते माझं, आणि ते मी राजीखुशीने केलं.

आता तुमचं. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार आणि शिपाई बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारतात, आम्ही काय करावं? तो कोणालाच नोकरी सोडा म्हणत नाही. ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, कोणाला लुबाडू नका, पगारात समाधान माना, एवढंच सांगतो. नोकरी करा, पण त्या बिलांवर सही करू नका. चौकशी झाली तर कागदावर नाव तुमचं असेल, साहेबांचं नाही.

हेही सांगायला हवं की मी सही नाकारली तेव्हा माझा पगार चालू होता आणि ह्यांचाही. तुमच्या घराचा हप्ता आहे, मुलं लहान आहेत, असं तुम्ही लिहिलंय. म्हणून दुसरी नोकरी आजपासूनच शोधा, बायकोला सगळं सांगा, सहा महिन्यांच्या हप्त्यांची सोय बघा. जुन्या बिलांवर सही केली असेल तर आधी वकिलाला भेटा, त्यातलं मला काही सांगता येणार नाही. नव्या बिलांबद्दल साहेबांना तोंडी बोलू नका, ईमेल करा. त्यात वचन घालू नका, उपदेश करू नका. बिलाची तारीख, रक्कम, आणि "हा प्रवास मी केलेला नाही, त्यामुळे सही करू शकत नाही" एवढं पुरे.