तयार लोकर सहज मिळत असताना स्वतः सूत कातून विणण्यात काय आनंद आहे? सुरुवात टकळीने करावी की चरख्याने?

तुम्ही लिहिलंय की चार-पाच वर्षं विणकाम करताय आणि आता सूतही स्वतः कातावं असं फार वाटतंय, पण घरचे विचारतात की लोकरीचे तयार गुंडे मिळतात तर हा खटाटोप कशाला. मी सोळा वर्षं विणते आहे आणि गेली सात वर्षं कातते आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी बोलते.

वेळेचा हिशेब मांडला तर घरच्यांचं म्हणणं बरोबर आहे. मोठ्या माणसाच्या मध्यम जाडीच्या स्वेटरला साधारण हजार-बाराशे मीटर धागा लागतो. तो दोनपदरी करायचा तर एकेरी सूत दुप्पट, म्हणजे दोन ते अडीच किलोमीटर कातायचं. मग दोन पदर एकत्र वळण्यासाठी ते सगळं पुन्हा एकदा टकळीवर चढवायचं. माझ्या पहिल्या स्वतः कातलेल्या स्वेटरला चौदा महिने लागले. हिशेब जमत नाही म्हणून छंद सोडायचा असता तर मी तेव्हाच सोडला असता.

कातायला लागायच्या आधी मी नऊ वर्षं लोकर रंग बघून घ्यायचे, फार तर गालाला लावून मऊ आहे का ते पाहायचे. एखादा स्वेटर महिन्याभरात गोळे धरायचा, दुसरा वर्षानुवर्षं तसाच राहायचा. एकात वेण्यांची नक्षी उठून दिसायची, दुसऱ्यात तीच नक्षी मिटून जायची. यामागे काही कारण असेल असं मनातही यायचं नाही. लोकर चांगली किंवा वाईट, एवढंच मी म्हणायचे. कातायला लागल्यावर कळलं की हे बरंचसं पिळावर ठरतं, आणि पीळ किती द्यायचा ते मी ठरवू शकते. माझ्यासाठी सगळा आनंद तिथून सुरू झाला.

एक करून बघा. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळू ओढा. तंतू एकमेकांवरून सरकत जातात आणि कापूस सुटून येतो. आता दुसरी चिमूट घ्या आणि ओढता ओढता एका टोकाने वळत राहा. त्याच तंतूंचा धागा होतो, आणि तो ओढला की सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतो. पिळामुळे तंतू मळसूत्रासारखे वेढे घेत बसतात आणि ताण आला की ते एकमेकांवर दाबले जातात. गाठ नाही, डिंक नाही, फक्त घर्षण. सात वर्षं झाली तरी बोटांखाली हे होताना मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. युरोपात चरखा साधारण तेराव्या शतकात पोचला. त्याआधीचं तिथलं सगळं कापड, अगदी व्हायकिंगांच्या जहाजांची लोकरीची शिडंसुद्धा, टकळीवर कातलेल्या सुताची होती. एवढ्याशा काठीवर केवढं काम झालंय!

आता माझ्या पहिल्या विणीची गोष्ट, कारण पीळ मला तिनेच शिकवला. मी एकेरी सूत कातलं, पदर न वळता तसंच सुयांवर घेतलं आणि एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा चौकोन विणला. कडेला एकही टाका वाढवला नव्हता की कमी केला नव्हता, तरी चौकोन एका बाजूला कलला. धुऊन, ताणून, टाचण्या लावून वाळवला; टाचण्या काढल्या की पुन्हा तिरका. टाके मोजून मोजून मी दोन वेळा उसवला. चूक टाक्यांत नव्हतीच. एकेरी सुतातला पीळ सतत सुटायला बघत असतो, तो प्रत्येक टाक्याला थोडं थोडं एकाच दिशेला ढकलतो, आणि शेकडो टाक्यांनी ढकललं की अख्खी वीण झुकते.

त्यावरचा उपाय म्हणजे पदर वळणं. टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून कातलं की पीळ झेड या इंग्रजी अक्षराच्या मधल्या रेघेसारखा तिरका पडतो. अशी दोन सुतं एकत्र धरून टकळी उलट दिशेने फिरवायची, म्हणजे एस अक्षरासारखा पीळ पडतो. दोन्ही पिळांची ओढ एकमेकांविरुद्ध लागते आणि धागा शांत होतो. लडी हातात धरून खाली सोडली आणि ती स्वतःभोवती न वळता सरळ लोंबत राहिली की समजायचं, जमलं. ती सरळ लोंबलेली पहिली लडी मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

पदर किती घ्यायचे हाही मोठा आनंदाचा विषय आहे. दोनपदरी धागा थोडा चपटा असतो आणि टाक्यात पसरतो, म्हणून जाळीदार शालीत भोकं छान उघडी राहतात. तीन पदर घेतले की धागा गोल होतो, टाके भरीव दिसतात, वेण्यांची नक्षी उठून येते आणि मोजे लवकर झिजत नाहीत. वर्षानुवर्षं मला न कळलेलं त्या मिटलेल्या नक्षीचं कारण हेच होतं. आता मी काय विणायचंय ते आधी ठरवते आणि त्याला हवा तसा धागा कातते. सुयांवर पहिले टाके घालण्याआधीच विणकाम सुरू झालेलं असतं.

बरं, टकळी की चरखा. टकळी, अजिबात शंका न ठेवता. चरखा वाईट म्हणून नव्हे, त्यावर वेग कितीतरी जास्त मिळतो. पण चरख्यावर नवखा हात आणि चाक यांचा मेळ बसेपर्यंत पीळ तुमच्या आधी पळतो, आणि नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. टकळी तुम्ही थांबवलीत की थांबते. साधारण 30 ते 50 ग्रॅम वजनाची, हवेत लोंबणारी टकळी घ्या. चकती नीट मध्यावर बसलेली हवी, नाहीतर ती फिरताना थरथरते आणि सूत तुटतं.

सुरुवातीला ती हवेत सोडूच नका. टकळी फिरवून पीळ साठू द्या, मग ती गुडघ्यांत धरून थांबवा आणि दोन्ही हात मोकळे करून लोकर ओढत तो पीळ हळूहळू वर चढू द्या. साठलेला संपला की पुन्हा फिरवा. हे संथ आहे, पण ओढणं आणि फिरवणं ही दोन कामं वेगळी केल्यामुळे हाताला दोन्ही नीट कळतात. मी जवळजवळ महिनाभर असंच कातलं आणि त्याचा फायदा मला आजही होतो.

नव्या माणसाला रडवणारी जागा म्हणजे दोन हातांतलं अंतर. लोकरीचा एकेक तंतू बोटभर किंवा त्याहून लांब असतो. दोन्ही हात त्या लांबीपेक्षा जवळ असतील तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुम्हीच धरून बसलेल्या असता. मग कितीही जोर लावा, लोकर सरकत नाही. सगळे म्हणतात, सैल धरा. मी म्हणते, आधी हात लांब न्या, मग सैल धरणं आपोआप जमतं. आणि पीळ दोन हातांमधल्या मोकळ्या लोकरीत शिरला की ओढणं संपलं, म्हणून पुढच्या हाताची चिमूट पिळाला तिथेच अडवून धरते. एवढं बोटांना समजलं की अर्धं कातणं आलं.

लोकर कोणती घ्यायची? मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा मोह पहिल्यांदा टाळा. ती फार बारीक आणि निसरडी, साधारण 24 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतली. नवख्या हातातून सटकते. कॉरिडेल जातीच्या मेंढीची असते तशी मध्यम लोकर घ्या. तिचा तंतू थोडा जाड आणि लांब असतो, एकमेकाला धरून राहतो आणि तुमची घाई सांभाळून घेतो. विंचरून पट्टीसारखी केलेली लोकर मिळाली तर सूत गुळगुळीत येतं; पिंजून पेळू केलेली असली तर फुगीर आणि उबदार. कापूस मात्र नंतरसाठी ठेवा. त्याचे तंतू तीनेक सेंटिमीटरचेच, म्हणून त्याला पीळ भरपूर आणि पटापट द्यावा लागतो. मला तो जमायला दोन वर्षं गेली.

सूत कातून झालं की लडी कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टांगून वाळवा. पीळ स्थिरावतो आणि धागा फुगतो. चोळू नका, पाणी कढत नको. माझी एक करड्या रंगाची लडी, तीन आठवड्यांचं काम, मी गरम पाण्यात साबण लावून चोळली होती. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि मग कशानेही सुटत नाहीत. लडीचा नमदा, म्हणजे घट्ट चिकटलेला लोकरीचा गठ्ठा, झाला. फार वाईट वाटलं होतं, आजही तो तुकडा मी टाकलेला नाही.

तुम्ही असंही विचारलंय की सुरुवातीचं जाड-बारीक सूत विणता येतं का, की ते फुकट जातं. येतं, आणि विणाच. पट्टीभोवती धागा शेजारी शेजारी गुंडाळून एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण आकडा बदलत जाणार. बारा-तेरा वेढे बसत असतील तर 4 मिलिमीटरच्या सुयांपासून सुरुवात करा, कमी बसले तर जाड सुया घ्या. सगळ्या ओळी सुलटच विणा. ती वीण कडेला वळत नाही आणि सुताचा उंचसखलपणा तिच्यात सामावून जातो, शिवाय विणीला एक छान पोत येतो. नक्षीच्या मागे लागू नका. जाड-बारीक धाग्यात ती हरवते आणि विनाकारण हिरमोड होतो.

एक गोष्ट मात्र लगेच सुरू करा. प्रत्येक वेळी कातायला बसाल तेव्हा वीतभर ताजं सूत दुमडून सैल सोडा. ते स्वतःभोवती वळून दोनपदरी होतं आणि तयार धागा कसा दिसेल ते तिथेच कळतं. तो तुकडा तोडून पुठ्ठ्यावर गुंडाळा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या वेळी बसताना आजचं सूत त्याच्याशी ताडून बघा; स्वेटरचं सूत महिनोन्महिने एकसारखं यायला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही. माझ्या पुठ्ठ्यावरचा पहिला तुकडा करंगळीएवढा जाड आहे आणि त्याला मध्येच तीन गाठी आहेत. तुमचाही तसाच आला तर तो काढून टाकू नका, खाली तारीख लिहून तसाच राहू द्या.