जुन्या करारातले संदेष्टे सतत नाशाचीच भाषा का बोलतात? माणसाला नम्र करायला अशी भीती घालावी लागते का?

हा प्रश्न मलाही बरीच वर्षं छळत होता. आमच्याकडे आजी रोज दिवेलागणीला मराठी बायबल मोठ्याने वाचायची. मीखा या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय आला की मी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो. सियोन, म्हणजे यरुशलेमची टेकडी, शेतासारखी नांगरली जाईल, यरुशलेमचे ढिगारे होतील, मंदिराच्या डोंगरावर रान माजेल. पुण्यावरून गाढवाचा नांगर फिरवल्याची गोष्ट ऐकलेल्या पोराला शहर नांगरणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

मीखा हे कोणाला ऐकवतोय, ते मात्र मोठेपणी कळलं. तो मोरेशेथचा, म्हणजे यरुशलेमच्या नैर्ऋत्येला टेकड्यांच्या उतरणीवरच्या एका गावचा. काळ इसवी सनपूर्व आठव्या शतकाचा. रात्री अंथरुणात पडून दुसऱ्याचं शेत कसं लाटायचं याचे बेत करायचे आणि उजाडलं की ते तडीस न्यायचे, कारण हातात सत्ता आहे, अशा माणसांवर त्याचा राग आहे. पुढारी लाच खाऊन न्याय देतात, याजक, म्हणजे मंदिरातले पुजारी, मोबदला घेऊन शिकवतात, संदेष्टे पैसे घेऊन भविष्य सांगतात. आणि एवढं करून हेच लोक परमेश्वरावर भिस्त ठेवून म्हणतात, ‘परमेश्वर आपल्यामध्ये आहे ना? मग आपल्यावर अरिष्ट येणार नाही.’

मला वाटतं, सगळी मेख या वाक्यात आहे. ही माणसं नास्तिक नव्हती. त्यांचा देवावर भरवसा होता, फक्त तो देव आपल्या खिशात आहे असं ते धरून चालले होते. संदेष्ट्यांच्या लेखी गर्व म्हणतात तो हाच. म्हणून ‘भीती घालून माणसाला वाकवायचं’ हे तुमचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. ज्याचं शेत गेलं तो आधीच वाकलेला आहे. नांगराची धमकी आहे ती शेत गिळणाऱ्याला. पुढे सहाव्या अध्यायात कोणीतरी विचारतं की देवापुढे काय घेऊन येऊ, हजारो मेंढे आणू की तेलाच्या नद्या? त्यावर मीखाचं उत्तर अगदी थोडक्यात आहे: न्यायाने वाग, दयेची आवड धर आणि आपल्या देवाबरोबर नम्रपणे चाल. नम्रतेआधी न्याय आलाय, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

धमकी पोकळही नव्हती. इसवी सनपूर्व ७०१ मध्ये अश्शूर साम्राज्याचा राजा सन्हेरीब यहूदावर, म्हणजे यरुशलेम राजधानी असलेल्या राज्यावर, चालून आला. ४६ तटबंदीची नगरं घेतल्याचं त्याने स्वतःच कोरून ठेवलंय. मीखाने नाव घेतलेलं लाखीश नगरही पडलं. त्या वेढ्याची शिल्पं सन्हेरीबाने निनवेतल्या आपल्या राजवाड्यात भिंतींवर लावली होती, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. यरुशलेम तेवढं वाचलं.

आता यिर्मया या नंतरच्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा २६वा अध्याय उघडा. मी तो वाचताना एक बोट मीखात ठेवतो, एक यिर्मयात. मीखानंतर सुमारे शंभर वर्षांनी, राजा यहोयाकीमाच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला, यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहून सांगतो की तुम्ही ऐकलं नाहीत तर हे मंदिरही उजाड होईल. लोक त्याला धरतात, याजक आणि संदेष्टे म्हणतात याला मरणदंडच हवा. तेव्हा देशातले काही वडीलधारे उठतात आणि मीखाचं तेच वचन म्हणून दाखवतात. मग विचारतात, मीखाच्या काळच्या हिज्कीया राजाने त्याला मारलं का? तो परमेश्वराला भ्याला, त्याने विनवणी केली, आणि जे अरिष्ट येणार होतं ते परमेश्वराने आवरून धरलं.

मीखाच्या वचनात ‘जर’ नाही, ‘तर’ नाही. सरळ ‘होईल’ असंच आहे. तरी ते तेव्हा घडलं नाही, आणि म्हणून मीखा खोटा असं कोणीही म्हणत नाही. उलट त्याच्याच वचनाचा दाखला देऊन यिर्मयाचा जीव वाचवला जातो. नाशाची घोषणा ऐकणारा ऐकेल या आशेनेच केलेली असते, हे त्या वडीलधाऱ्यांना नीट ठाऊक होतं. भीती त्यात आहेच, ‘भ्याला’ हाच शब्द तिथे आहे, तो मी झाकणार नाही.

निनवे शहराला इशारा द्यायला गेलेल्या योना संदेष्ट्याची गोष्टही अशीच. त्याचा संदेश मूळ हिब्रूत जेमतेम पाच शब्दांचा आहे: चाळीस दिवस, की निनवे उलथलं. त्यातल्या ‘उलथणं’ या क्रियापदाचा अर्थ पालटणं असाही होतो. राजा काय करतो पाहा. सिंहासनावरून उठतो, अंगावरचा झगा उतरवतो, गोणपाट पांघरतो आणि राखेत बसतो. आपल्या फर्मानाच्या शेवटी तो एवढंच म्हणतो, ‘कोण जाणे, देव वळेलही.’ हे निनवे म्हणजे लाखीश उद्ध्वस्त करणाऱ्या अश्शूरचं शहर. त्या गोष्टीच्या इस्राएली श्रोत्यांना हे ऐकणं किती जड गेलं असेल!

‘कोण जाणे’ हे शब्द जपून ठेवण्यासारखे आहेत. सफन्या हा संदेष्टाही देशातल्या नम्र लोकांना सांगतो, नीती शोधा, नम्रता शोधा, ‘कदाचित’ कोपाच्या दिवशी तुम्हाला आसरा मिळेल. आमोस हा संदेष्टाही ‘कदाचित’च म्हणतो. देवाचा निरोप घेऊन आलेली ही माणसं, पण हमी एकही देत नाही. ‘आपल्यावर अरिष्ट येणार नाही’ असं छातीठोक म्हणणाऱ्यांच्या बरोबर समोर हा ‘कदाचित’ उभा आहे. मला नम्रतेचा अर्थ कळला तो इथे.

आणि न ऐकणाराही त्याच पुस्तकात आहे. यिर्मयाचा ३६वा अध्याय जरूर वाचा. हिवाळ्याचे दिवस, यहोयाकीम आपल्या हिवाळी महालात बसलाय, समोर शेगडी पेटलेली. यिर्मयाची वचनं लिहिलेली गुंडाळी त्याला वाचून दाखवताहेत. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखनिकाच्या चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो. पुन्हा तीन-चार रकाने, पुन्हा चाकू. अख्खी गुंडाळी जळून जाते. कोणी घाबरलं नाही, कोणी दुःखाने आपली वस्त्रं फाडली नाहीत, असं तिथे मुद्दाम नोंदवलंय. इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम आणि मंदिर जाळलं. पण त्याआधी, गुंडाळी जळाल्यावर, यिर्मयाने दुसरी गुंडाळी घेतली, आपला लेखनिक बारूख याला सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी तशीच आणखी पुष्कळ वचनं त्यात घातली.