'हॉर्न सेक्शन'ला मराठीत काय म्हणावे?

'इफ' या ब्रिटिश रॉक बँडवर मराठीत लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, या बँडच्या 'हॉर्न सेक्शन'साठी, म्हणजे त्यातल्या फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या गटासाठी, 'शिंगवाद्य विभाग' असे लिहावे की 'पितळी वाद्यांचा विभाग'. माझ्या मते हे दोन्ही पर्याय टाळावेत, आणि दुसरा तर अधिकच आग्रहाने टाळावा, कारण तो सहज पटतो आणि तरीही वाचकाला चुकीची माहिती देतो.

'इफ' हा बँड १९६९ साली लंडनमध्ये उभा राहिला आणि त्याचे पहिले दोन अल्बम १९७० या एकाच वर्षी आले. सात जणांच्या या संचात डिक मॉरिसी आणि डेव्ह क्विन्सी हे दोघे सॅक्सोफोन वाजवत आणि मॉरिसी प्रसंगी बासरीही हाती घेत. मॉरिसी यांचे नाव फारसे कोणाला आठवत नसले, तरी १९८२च्या 'ब्लेड रनर' या चित्रपटातील प्रेमधूनमध्ये ऐकू येणारा सॅक्सोफोन त्यांचाच आहे. त्याच काळातल्या 'शिकागो' किंवा 'ब्लड, स्वेट अँड टिअर्स' या अमेरिकी बँडांत सॅक्सोफोनच्या जोडीला ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन असत. 'इफ'च्या मूळ संचात ही दोन्ही वाद्ये नव्हती. म्हणजे ज्या 'हॉर्न सेक्शन'चे भाषांतर आपण करू पाहतो आहोत, त्यात वाद्यशास्त्राच्या दृष्टीने पितळी म्हणता येईल असे एकही वाद्य नाही.

सॅक्सोफोनची नळी पितळेची असते, मग तो पितळी वाद्यांत का धरत नाहीत, असा प्रश्न येथे साहजिकच पडेल. पाश्चात्त्य संगीतातले हे वर्गीकरण धातूवरून होत नाही, तर नाद कसा निर्माण होतो यावरून होते. ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोनमध्ये वादकाचे ओठच कंप पावतात आणि आपल्या तुतारीतही तेच घडते. सॅक्सोफोनच्या तोंडाशी मात्र बोरूसारख्या गवताची एक पातळ पत्ती बसवलेली असते आणि फुंकरीने तीच थरथरते. आपल्या सनईतही पत्तीच वाजते, फक्त तेथे ती दुहेरी असते. म्हणूनच बेल्जियन कारागीर अडॉल्फ सॅक्स यांनी १८४६ साली पॅरिसमध्ये पेटंट घेतलेले हे वाद्य, अंग धातूचे असूनही, क्लॅरिनेटच्या बरोबरीने काष्ठवाद्यांत (इंग्रजीत 'वुडविंड') मोडते. लग्नाच्या वरातीतल्या 'ब्रास बँड'मध्ये क्लॅरिनेटही असते, तेव्हा आपण 'ब्रास' हा शब्द सैलपणे वापरतोच, असा आक्षेप कोणी घेईल. पण तेथे 'ब्रास बँड' हे एका पूर्ण वादकसंचाचे रूढ नाव झाले आहे. 'पितळी वाद्ये' असे लिहिले की ते वर्णन होते, आणि वर्णन खरे असावे लागते.

'शिंगा'ची गोष्ट वेगळी आहे. प्राण्याचे शिंग, मग ते फुंकून वाजवायचे वाद्य आणि पुढे धातूचे बनले तरी शिंगच, हा इंग्रजी 'हॉर्न'चा प्रवास मराठी शिंगानेही केला आहे. मात्र आपला शब्द रणशिंगापाशी थांबला आणि जॅझवादकांच्या बोलीत 'हॉर्न'ची व्याप्ती वाढत जाऊन सॅक्सोफोनसकट जवळजवळ कोणतेही फुंकवाद्य त्यात आले. 'शिंगवाद्य' म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे सॅक्सोफोन उभा राहणार नाही. उलट ऑर्केस्ट्राच्या संदर्भात नुसते 'हॉर्न' म्हटले तर फ्रेंच हॉर्न हे एकच विशिष्ट वाद्य अभिप्रेत असते, हेही भाषांतरकाराने ध्यानात ठेवावे.

जॅझमधल्या या सैल, व्यापक अर्थाला मराठीत सर्वांत जवळ जातो तो 'फुंकवाद्ये' हा शब्द. नाट्यशास्त्रापासून चालत आलेला 'सुषिर वाद्ये' हाही अचूक आहे आणि शास्त्रीय लेखनात तो अवश्य वापरावा; रॉकवरील लेखात मात्र तो जड वाटतो. उरला 'सेक्शन'. 'विभाग' म्हटले की कचेरी आठवते. 'ताफा' हा वाजंत्र्यांसाठी जुना आणि फार चांगला शब्द आहे, पण तो सगळ्या वादकांना मिळून लागतो, त्यांच्यातल्या एका गटाला नव्हे. मला 'फळी' योग्य वाटते. गोलंदाजांची फळी म्हणताना आपण मोठ्या संघातला, एकच काम मिळून करणारा गट सांगतो आणि 'सेक्शन'मध्ये नेमके हेच अभिप्रेत असते.

तेव्हा प्रश्नकर्त्याने पहिल्या उल्लेखात 'दोन सॅक्सोफोनची फुंकवाद्यांची फळी, म्हणजेच हॉर्न सेक्शन' असे लिहावे आणि पुढे नुसते 'फुंकवाद्ये' म्हणावे. 'शिकागो'बद्दल लिहितानाही हाच शब्द चालेल, कारण त्यात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन हे तिन्ही सामावतात. या बँडच्या शैलीसाठी वापरले जाणारे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' हे नाव मात्र तसेच ठेवावे. 'पुरोगामी रॉक' म्हटल्यास वाचक त्या गाण्यांत राजकीय विचार शोधू लागेल.