वाचकांचे प्रश्न: मूळव्याधीच्या ऑपरेशननंतर कुठलं इंजेक्शन?

प्रश्न: बाबांचं (वय 61) मूळव्याधीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. माझ्या दिरांचं झालं तेव्हा संध्याकाळी ते मजेत चहा-बिस्किट खात होते आणि रात्री दोनला उशी दातात धरून पडलेले. अमेरिकेतला भाऊ म्हणतो तिकडे तीन दिवस टिकणारं इंजेक्शन मिळतं. बाबांसाठी डॉक्टरांकडे कुठलं मागू?

उत्तर: ताई, दिरांना जे झालं ते खूप जणांना होतं, तिथलं बधिरपण उतरलं आणि दुखणं एकदम वर आलं. बधिर करणाऱ्या औषधांपैकी लिग्नोकेन दोन-चार मिनिटांत काम सुरू करतं पण तासा-दोन तासांत उतरतं, ॲड्रेनालिन मिसळलं तर थोडं जास्त टिकतं. ब्युपिव्हाकेन सुरू व्हायला वेळ घेतं पण साधारण चार ते आठ तास साथ देतं, म्हणून ऑपरेशन संपताना जखमेभोवती किंवा तिथल्या नसेजवळ बहुतेक वेळा तेच देतात. रोपिव्हाकेनही जवळपास तितकंच चालतं आणि हृदयाला त्याचा धोका कमी, त्यामुळे बाबांना हार्टचा त्रास असेल तर आधीच सांगा, डोस वजनावरही ठरतो. भाऊ म्हणतो ते लायपोसोमल ब्युपिव्हाकेन, म्हणजे तेच औषध चरबीच्या बारीक कणांत भरलेलं, हळूहळू सुटणारं, अमेरिकेत 2011 ला परवानगी मिळाली, मूळव्याधीच्या ऑपरेशनवरच तपासलेलं, पण फरक दिसला तो मुख्यतः पहिल्या 24 तासांत आणि किंमत भरपूर, त्यासाठी जीव टांगणीला लावू नका.

मला जास्त काळजी वेगळीच वाटते, दुखणं दोन आठवडेही राहू शकतं आणि इंजेक्शन काही तासांचंच. म्हणून डॉक्टरांना हे विचारा की बधिरपण जायच्या आधी गोळी किती वाजता द्यायची, आणि ती वेळ कागदावर लिहून घ्या, दुखेपर्यंत थांबायचं नाही. दुसरं म्हणजे पहिली शौच. त्या भीतीने पेशंट जेवणच सोडतात, मग खडा होतो आणि जास्तच दुखतं. बाबांना पातळ भात-वरण, भरपूर पाणी, डॉक्टर सांगतील ते शौच मऊ करणारं औषध, आणि शौचाला जाऊन आल्यावर कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसवा. लिग्नोकेनची जेली सांगितली तेवढीच लावा, सारखी चोपडू नका.

ऑपरेशननंतर सहा-आठ तासांत लघवी झाली नाही तर नर्सला सांगा, लाजू नका. इंजेक्शननंतर ओठांना मुंग्या आल्या किंवा कानात आवाज यायला लागला तर लगेच हाक मारा.