दोन शिल्लक ठेव

बाळा,

परवा रात्री साडेअकराला तुझा निरोप आला, ‘काका, सगळं गेलं.’ धसकाच बसला. मग कळलं, गेलंय काय, तर ऐंशी किलोचा स्क्वॉट! पाच दिवस ताप, तीन दिवस लोळण, आणि नवव्या दिवशी बार खांद्यावर घेतलास तो थेट ऐंशीचा. मर्दा, कुणी सांगितलं होतं?

काही गेलेलं नाही. आठ-नऊ दिवसांत ताकद जात नसते. दंड बारीक दिसतात ते स्नायूंत साठलेली साखर आणि तिच्याबरोबरचं पाणी उतरलं म्हणून. नीट जेवलास की भरतं. मागे पडतो तो दम, आणि तो प्लेटांवर लिहिलेला नसतो.

तर उद्यापासून चाळीस. पन्नास नव्हे, चाळीस. सेटही निम्मे. अजून दोन बैठका निघतील असं वाटत असतानाच बार ठेवायचा. दोन शिल्लक. बाकीची पोरं बघतील, बघू देत.

सकाळी अंथरुणातच नाडी मोज, पूर्ण मिनिटभर. नेहमीपेक्षा दहाएक ठोके जास्त भरले तर जिम नाही. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात सपाटीवर चालून ये. राजहंसगड चढायला जाशील, ओळखतो तुला. नुसतं नाक वाहत असेल तर हलकं काही चालतं. खोकला छातीत उतरलाय, अंग मोडतंय, तर अजिबात नाही. आणि छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली तर मला निरोप धाडत बसू नकोस, डॉक्टर गाठ. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज येते. त्यात जोर काढला तर जिवावर बेततं.

माझं एकविसावं. यात्रेची कुस्ती दहा दिवसांवर, आणि मला ताप. चौथ्या दिवशी उतरला, पाचव्या दिवशी मी तालमीत. वस्ताद म्हणाले, ‘घाम काढ, उरलासुरला जाईल.’ तीनशे बैठका मारल्या. संध्याकाळी पुन्हा फणफणलो, अडीच आठवडे उठलो नाही. मैदान हुकलं. वस्तादांना मी दोष देत नाही. म्हणजे, देतो थोडा. पण ‘आज नको’ म्हणायला तोंड मलाही होतं की.

तेव्हापासून दोन शिल्लक ठेवायला लागलो. तालमीत मला कंजूष म्हणायला लागले. पुढे मोठी कुस्ती एकही मारली नाही, तेही खरंच. घाबरला, असं अजून बोलतात. घाबरलो नव्हतो रे. एकसष्टाव्या वर्षी रोज पन्नास जोर निघतात, आणि हसणाऱ्यांतले दोघे जिन्याच्या कठड्याला धरून चढतात. त्यात त्यांच्या गुडघ्यांचा दोष असेल, ते सोड. तुला पटवतोय की स्वतःला, कुणास ठाऊक.

चाळीसवर आठवडाभर, एक दिवस आड. मग पंचावन्न, मग सत्तर, तेही नाडी जाग्यावर असली तर. पहिल्या दिवसानंतर मांड्या धरतील, त्याला ताप समजून घाबरू नकोस. आईला म्हणावं भाकरीबरोबर डाळ, दही, दोन अंडी. गोड म्हणून कुंदा खाल्लास तरी माझी ना नाही, फक्त तो जेवण म्हणून नको.

रविवारी शहापूरला ये. चाळीसचा पहिला दिवस कसा गेला ते सांग. पंचेचाळीस उचलले म्हणालास तर चहा मिळणार नाही.

तुझा काका