इंदूर पायी बघायचंय? मग राजवाड्यापासून सुरुवात करा

आई-बाबा आणि मुलं सोबत असतील, तर लालबाग पॅलेसचा हट्ट पायी नको, तिथे रिक्षाच बरी. चालायचं ते राजवाड्याभोवती. होळकरांचा सात मजली वाडा: खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. मुलांना मोजायला लावा, मान दुखेपर्यंत गप्प बसतात! तिथून कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांची समाधी-स्मारकं, जवळच. मग काच मंदिर. भिंती, खांब, छत, सगळं काचेचं. बूट काढावे लागतात, म्हणून नाडीचे नकोतच.

दुपारी मात्र घरी जाऊन झोपा, खरंच. सराफा बाजारात दिवसा सोन्याची दुकानं, ती मिटली की रात्री खाऊगल्ली. भुट्ट्याचा कीस एकच प्लेट घ्या, वाटून खा; पुढे जिलबी आहे, थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंदही. आजींचा हात सोडू नका, गर्दी फार.